बंदिस्त जागेतील काम आणि जबाबदाऱ्यांची वाटणी : प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

कामाचा आराखडा आज हाती आला. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील दोन गाळ-टाक्या आणि त्यांना जोडलेली एक पंप-विहीर रिकामी करून साफ करायची, आतील गंजलेले लोखंडी आधार बदलायचे आणि शेवटी भिंतींना नवा लेप द्यायचा, असे एकूण काम आहे. माणूस आत शिरून काम करू शकेल एवढ्या या तिन्ही जागा मोठ्या आहेत, पण आत-बाहेर करण्याची वाट अरुंद आहे आणि माणसाने तेथे नेहमी वावरावे म्हणून त्या बांधलेल्या नाहीत. म्हणजे तिन्ही बंदिस्त जागा आहेत. त्यातच तळाशी साठलेला गाळ कुजत असल्यामुळे हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू व मिथेन हा ज्वलनशील वायू तेथे असणारच, असे धरून चालावे लागेल.

आराखड्यातील सुरक्षिततेच्या रकान्यात एकच वाक्य आहे : ‘सर्व संबंधितांनी योग्य ती खबरदारी घ्यावी.’ हे वाक्य मी तीनदा वाचले. सर्वांवर टाकलेली जबाबदारी ऐन वेळी कोणाचीच नसते, आणि बंदिस्त जागेत ती ऐन वेळ काही मिनिटांचीच असते. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक भूमिका एका माणसाच्या नावावर चढवायची, आणि त्याने काय करायचे याबरोबर काय करायचे नाही हेही लिहायचे, असे ठरवले. या नोंदी मुख्यतः त्याच कामाच्या आहेत.

५ फेब्रुवारी

भूमिकांची बैठक झाली. दोन तास चालली आणि त्यातला बहुतेक वेळ एकाच भूमिकेवर गेला.

प्रवेश पर्यवेक्षकाबद्दल मतभेद नव्हते. आत उतरण्याच्या परवान्यावर सही करणारा तो, सही करण्यापूर्वी प्रत्येक अट स्वतः पाहणारा तो, आणि परिस्थिती बदलली तर परवाना रद्द करणाराही तोच. वायू तपासनीस वेगळा नेमला. आत उतरणाऱ्यांच्या जबाबदाऱ्या लिहिताना मी एक हक्कही लिहिला : वायूमापकावरील आकडे उतरण्यापूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याचा, आणि कोणतेही कारण न देता बाहेर येण्याचा. यावर कोणीतरी विचारले की कारण न देता बाहेर आलेल्या माणसाची मजुरी कापायची का. कापायची नाही, हे मी तेथेच लिहून घेतले; पैसे जाण्याची भीती असेल तर तो हक्क कागदावरच राहील.

वाद झाला तो पहारेकऱ्यावरून, ज्याला कामगार होलवॉच म्हणतात. मॅनहोलच्या तोंडाशी उभे राहून आत कोण व किती आहेत याची नोंद ठेवणे, त्यांच्याशी सतत बोलत राहणे आणि धोका दिसताच सर्वांना बाहेर बोलावणे, हे त्याचे काम. ठेकेदाराच्या मुकादमाचे म्हणणे असे की हा माणूस दिवसभर रिकामाच उभा असतो, तेव्हा त्याने हत्यारे खाली सोडावीत, गाळाच्या बादल्या ओढाव्यात आणि टाकीत हवा ढकलणाऱ्या ब्लोअरच्या डिझेलकडेही लक्ष द्यावे. मुकादम मनाने वाईट माणूस नाही आणि हिशेबाच्या दृष्टीने त्याचे म्हणणे चूकही नाही. पण बादली ओढणाऱ्याची नजर बादलीवर असते. खालच्या माणसाचे बोलणे अडखळू लागले, तो विचारलेल्याचे उत्तर उशिरा देऊ लागला किंवा उगाच हसू लागला, तर प्राणवायू कमी पडत असल्याची ती पहिली खूण असू शकते, आणि ती फक्त त्याच्याकडे सतत पाहणाऱ्यालाच कळते. बादल्यांसाठी वेगळा मदतनीस घेतला.

अमेरिकेतील ओशा या कामगार-सुरक्षा यंत्रणेच्या १९९३ च्या नियमात आत जाणारे, पहारेकरी आणि पर्यवेक्षक यांची कर्तव्ये वेगवेगळी दिलेली आहेत. मात्र पर्यवेक्षकाला तसे प्रशिक्षण असल्यास त्याने दुसरी भूमिका करण्यास तो नियम मुभा देतो. आम्ही ती मुभा घ्यायची नाही असे ठरवले. काम लांबले की घाई वाढते, आणि ज्याच्या सहीवर काम थांबू शकते तोच माणूस खाली हातात पाना घेऊन उभा असेल तर काम थांबवावेसे त्याला वाटणे कठीण आहे.

६ फेब्रुवारी

बचाव पथक कोणते, हा प्रश्न कालच्या बैठकीत राहिला होता. ‘अग्निशमन दलाला फोन करू’ हे उत्तर मी मान्य केले नाही. मेंदूला प्राणवायू मिळणे थांबले तर चार ते सहा मिनिटांत कायमची हानी होऊ लागते. फोन लागून गाडी येईपर्यंत तेवढा वेळ निघून गेलेला असेल. बाहेरची मदत बोलवायचीच, पण जागेवर चार जणांचे पथक, ट्रायपॉड (तिपाई), विंच (दोरी गुंडाळून माणसाला वर ओढणारे यंत्र) आणि पाठीवर वाहायचे श्वसनसंच तयार ठेवायचे. या चौघांना काम चालू असताना दुसरे कोणतेही काम द्यायचे नाही.

१० फेब्रुवारी

पहिल्या टाकीला जोडलेल्या सगळ्या वाहिन्या पायी फिरून तपासल्या. नकाशावर पाच जोडण्या होत्या; प्रत्यक्षात सहा निघाल्या. सहावी म्हणजे पंपाच्या सीलला पाणी पुरवणारी एक बारीक नळी, जी नंतर कधीतरी बसवलेली असावी. त्यातून येणाऱ्या पाण्याने कोणी बुडणार नाही हे खरे, पण नकाशात नसलेली एक नळी असू शकते तर दुसरीही असू शकते, म्हणून दुसऱ्या टाकीचीही अशीच तपासणी करायला सांगितली.

फक्त झडप बंद करून वाहिनी तोडली असे समजायचे नाही. झडपा गळतात, आणि चुकून उघडल्याही जातात. मोठ्या तिन्ही वाहिन्यांच्या फ्लँजमध्ये, म्हणजे बोल्टने जोडलेल्या सांध्यांत, पोलादी चकत्या घातल्या, ढवळणीच्या मोटरचा वीजपुरवठा तोडून त्याच्या पेटीवर कुलूप व इशाऱ्याचा टॅग लावले. कुलूप लावणाऱ्याचीच किल्ली आणि काढणाराही तोच, हा नियम ठेवला. आत उतरणाऱ्या प्रत्येकाचे स्वतःचे कुलूपही त्याच पेटीवर लागेल. त्यामुळे तो वर आल्याशिवाय मोटर सुरू होणे शक्यच राहणार नाही.

१२ फेब्रुवारी

वायू तपासनिसाबरोबर अख्खी सकाळ गेली, आणि ती जायलाच हवी होती.

तपासण्याचा क्रम ठरलेला आहे : आधी प्राणवायू, मग ज्वलनशील वायू, मग विषारी वायू. हा क्रम बरेच जण पाठ म्हणतात, पण त्याचे कारण विचारले की गप्प होतात. ज्वलनशील वायू मोजणाऱ्या नेहमीच्या संवेदकाच्या आत वायूचे सूक्ष्म ज्वलन होते आणि त्यासाठी त्याला प्राणवायू लागतो. टाकीत प्राणवायूच कमी असेल तर मिथेन भरपूर असूनही मापक कमी आकडा दाखवेल. म्हणून पहिला आकडा प्राणवायूचा : सामान्य हवेत तो २०.९ टक्के असतो, आणि १९.५ पेक्षा कमी किंवा २३.५ पेक्षा जास्त असेल तर उतरायचे नाही. ज्वलनशील वायू त्याच्या किमान स्फोटमर्यादेच्या, म्हणजे हवेतील ज्या प्रमाणापासून तो पेटू शकतो त्याच्या, १० टक्क्यांच्या आत हवा. मिथेनची ही मर्यादा हवेत ५ टक्के आहे, म्हणजे आमचा थांबण्याचा आकडा हवेतील अर्धा टक्का मिथेन. हायड्रोजन सल्फाइडसाठी दशलक्षात १० भागांवर इशारा ठेवला.

तपासणी वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन ठिकाणी करायची. मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने वर साचतो, हायड्रोजन सल्फाइड जड असल्याने खाली बसतो, आणि कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ हवेइतकाच वजनाचा असल्याने कुठेही आढळतो. नळी खाली सोडल्यावर तळाची हवा मापकापर्यंत पोचायला वेळ लागतो. नळी जितकी लांब तितके जास्त थांबावे लागते. तपासनिसाने पहिल्या सरावात नळी सोडली, लगेच आकडा वाचला आणि लिहिला. त्याने लिहिलेला आकडा नळीत आधीपासून असलेल्या बाहेरच्या हवेचा होता. हे त्याला सांगितल्यावर तो म्हणाला, ‘‘साहेब, इतकी वर्षं मी असंच मोजत आलो.’’ त्याच्या आवाजातला धक्का माझ्या अजून लक्षात आहे. ही चूक त्याच्या एकट्याची नव्हती. त्याला मापक देऊन मोजायला लावणाऱ्या प्रत्येकाची होती. उत्पादकाने दिलेला थांबण्याचा वेळ आता मापकाच्या पट्ट्यावरच लिहून बांधला आहे आणि रोज सकाळी ज्ञात प्रमाणाचा वायू देऊन मापक प्रतिसाद देतो का हे पाहिल्याशिवाय तो वापरायचा नाही.

एक गोष्ट परवान्यावर ठळक लिहिली : वासावर विसंबायचे नाही. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास फार थोड्या प्रमाणातही येतो, पण दशलक्षात १०० भागांच्या आसपास नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास नाहीसा झाला म्हणून वायू गेला असे समजणारा माणूस त्या क्षणी सर्वांत जास्त धोक्यात असतो.

१३ फेब्रुवारी

बचावाचा सराव. माणसाच्या वजनाइतकी वाळू भरलेला पुतळा हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) घालून टाकीच्या तळाशी ठेवला आणि पहारेकऱ्याला एवढेच सांगितले की आतला माणूस उत्तर देत नाही.

पहारेकऱ्याने दोनदा हाक मारली, मग गुडघ्यावर बसून छातीपर्यंत मॅनहोलमध्ये वाकला आणि शिडीला हात घातला. मी सराव तेथेच थांबवला. त्याला रागावलो नाही. समोर आपला माणूस पडलेला असताना हात आपोआप पुढे जातो; तसा न जाणारा माणूस मला पहारेकरी म्हणून नकोही आहे. पण अमेरिकेच्या नायॉश या संशोधन संस्थेने १९८६ मध्ये काढलेल्या इशारापत्रात बंदिस्त जागांतील मृत्यूंपैकी ६० टक्क्यांहून अधिक मृत्यू वाचवायला धावलेल्यांचे असल्याचे म्हटले आहे. पहिला पडतो तो हवेमुळे, आणि दुसरा त्याच हवेत श्वसनसंचाशिवाय शिरल्यामुळे. हा आकडा मी सर्वांना सांगितला आणि मग पहारेकऱ्याला विचारले की तू आत गेलास तर वर मदत मागणारे कोण उरले. तो बराच वेळ काही बोलला नाही.

मग त्याचे काम पुन्हा ठरवले, या वेळी कृतीच्या क्रमाने. उत्तर आले नाही की प्रथम वायरलेसवर बचाव पथकाला बोलवायचे. मग विंच फिरवून जीवरेषेने, म्हणजे हार्नेसला बांधलेल्या दोरीने, माणसाला बाहेरूनच वर घ्यायचे, कारण विंचसाठी आत जावे लागत नाही. आणि पथक आले की आत किती जण आहेत व शेवटचे आकडे काय होते हे सांगायचे. आत जायचे असेल तर ते काम फक्त श्वसनसंच लावलेल्या पथकाचे. मॅनहोलच्या कडेपासून एक पाऊल मागे जमिनीवर पिवळी रेघ मारली. ती पहारेकऱ्याची जागा. त्या रेघेच्या पुढे त्याचे डोके जाता कामा नये.

दुसऱ्या सरावात जीवरेषा आतल्या एका आधाराला अडकली. सरावात अडकली हे बरे झाले. आत आडवे आधार आहेत तेथे माणूस जीवरेषेसह फिरला तर दोरी गुंतणारच. म्हणून उतरणाऱ्याने मॅनहोलच्या सरळ खाली असलेल्या भागातच काम करायचे आणि पुढच्या भागासाठी दुसरे मॅनहोल उघडून ट्रायपॉड हलवायचा, असे ठरले. त्याने कामाचे दोन दिवस वाढतात. ते वाढू दिले.

तिसऱ्या सरावात पुतळा चार मिनिटांच्या आत वर आला.

१७ फेब्रुवारी

पहिला प्रवेश. कालपासून ब्लोअर चालू होता. त्याचे हवा ओढणारे तोंड आधी जनरेटरच्या धुराड्याकडे होते. ते तपासनिसाच्या लक्षात आले आणि त्याने स्वतःहून हलवायला लावले, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड ब्लोअरच टाकीत ढकलत राहिला असता. ही सूचना त्याच्याकडून आली याचा मला आनंद झाला.

आकडे : प्राणवायू तिन्ही पातळ्यांवर २०.९, ज्वलनशील वायू शून्य, हायड्रोजन सल्फाइड शून्य. पर्यवेक्षकाने सही केली, दोघांनी आकडे पाहिले, कुलपे लावली आणि उतरले. चाळीस मिनिटांनी तळाच्या कोपऱ्यातला घट्ट गाळ फावड्याने फोडताच एकाच्या छातीवरचा मापक वाजला : हायड्रोजन सल्फाइड दशलक्षात १४. पहारेकऱ्याने एका शब्दात दोघांना बाहेर बोलावले. खालून ‘‘एवढी बादली भरतो’’ असा आवाज आला. पहारेकऱ्याने तोच शब्द पुन्हा उच्चारला, चर्चा केली नाही. दोघे वर आले, पर्यवेक्षकाने परवान्यावर आडवी रेघ मारून तो रद्द केला.

येथे मला एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. तो पहारेकरी या सर्वांत वयाने लहान आणि नोकरीने नवा आहे. खालचे दोघे त्याच्यापेक्षा कितीतरी वर्षे आधीपासून या कामात आहेत. त्याचा शब्द त्यांनी मानला याचे कारण सरावाच्या दिवशी आम्ही सर्वांसमोर ठरवले होते की बाहेर बोलावण्याच्या बाबतीत पहारेकऱ्याच्या वर कोणीच नाही, पर्यवेक्षकही नाही. अधिकार आधी सर्वांसमोर दिलेला नसता तर त्या एका बादलीवरून वाद झाला असता.

आत गेलेल्यांच्या तपासणीत त्रास आढळला नाही. पण पहिल्या तपासणीचे आकडे चांगले येऊनही हे घडले, याचा अर्थ स्पष्ट आहे : वायू हवेत नव्हता, गाळात अडकलेला होता, आणि कामानेच तो मोकळा झाला.

१८ फेब्रुवारी

नवा परवाना, नव्या अटींसह. गाळ आधी बाहेरून पाण्याच्या झोताने सैल करून पंपाने उपसायचा, मगच माणूस उतरेल. मापक सतत चालू राहील आणि तपासनीस दर पंधरा मिनिटांनी आकडे पहारेकऱ्याच्या वहीत लिहील. काम सुरळीत झाले.

२१ फेब्रुवारी

पाळी बदलताना एक फट सापडली. पहिल्या पाळीचा पहारेकरी ‘‘आत दोघे आहेत’’ एवढे सांगून निघाला आणि दुसऱ्याने वही हातात घेतली. प्रत्यक्षात त्याच क्षणी दोघे होतेच, चूक झाली नाही. पण कोण दोघे, किती वेळापासून, शेवटचा आकडा काय, यांपैकी काहीही नव्या माणसाला ठाऊक नव्हते. यापुढे पाळी बदलताना आतले सर्व बाहेर येतील, परवाना तेथेच संपेल आणि नव्या पाळीचा पर्यवेक्षक नव्याने तपासून नवा परवाना देईल. मधल्या वेळी पहारेकऱ्याला जेवायला किंवा लघवीला जायचे असेल तर बदली माणूस येऊन वही वाचून सही करेपर्यंत त्याने जागा सोडायची नाही, आणि बदली मिळाली नाही तर आतल्यांना बाहेर काढूनच जायचे.

२६ फेब्रुवारी

गाळ संपला, आधार बदलले. आता लेपाचे काम. मुकादमाने विचारले की टाकी तर स्वच्छ झाली, आता एवढे सगळे कशाला. प्रश्न रास्त होता, म्हणून नीट उत्तर दिले. आतापर्यंतचा धोका टाकीत होता. आता तो आपण डब्यात भरून आत नेणार आहोत. लेपातील द्रावकाची वाफ हवेपेक्षा जड आणि ज्वलनशील असते, ती तळाशी साचते, आणि लेप सुकत असतानाही उठत राहते, म्हणजे काम थांबल्यावरही. म्हणून आतील दिवे स्फोटरोधक हवेत, मोबाइल आत नकोत, हवा आत ढकलण्याबरोबर तळातून ओढून बाहेर टाकणारी दुसरी वाहिनी हवी, आणि रंगाऱ्यांना द्रावकाच्या वाफेसाठी योग्य श्वसनसाधन हवे. रंगारी नव्याने आले आहेत. त्यांनी जुन्यांसारखाच सराव केल्याशिवाय उतरायचे नाही, याला पर्यवेक्षकाने मी सांगण्यापूर्वीच होकार भरला होता.

५ मार्च

तिन्ही जागांचे काम पूर्ण. परवाना बंद करण्याचा क्रम असा ठेवला : पहारेकऱ्याच्या वहीतली आत गेलेल्यांची संख्या आणि बाहेर आलेल्यांची संख्या जुळवली, हत्यारे मोजली, मग पर्यवेक्षकाने आत टॉर्च मारून स्वतः पाहिले. एक पाना कमी भरला. तो दुसऱ्या टाकीच्या शिडीवर अडकलेला सापडला. मॅनहोलची झाकणे बसवल्यावर प्रत्येकाने आपापले कुलूप काढले. एका रंगाऱ्याची किल्ली घरी राहिली होती. मुकादम करवत आणायला निघाला, त्याला थांबवले. रंगारी घरी जाऊन किल्ली घेऊन आला आणि त्याने आपले कुलूप आपल्या हाताने उघडले. तोपर्यंत मोटर बंदच राहिली. चकत्या काढून वाहिन्या जोडल्या आणि संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी परवाना बंद झाला. वहीच्या शेवटच्या पानावर पहारेकऱ्याची सही आहे.